शिडी

चिपळूण,
१४ जून

चि. बयो,


तुझी कथा मिळाली. फोनच्या पडद्यावर मला सलग वाचवत नाही, म्हणून नाक्यावरून छापून आणली. एकदा एका बैठकीत वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. दिवाळी अंकाकडे पाठवण्याआधी तू माझं मत मागितलंस. ते दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून हे पत्र.

भाषा चांगली उतरली आहे. २०९० सालची मुंबई, दादरपर्यंत आत आलेला समुद्र, कोरडे राहिलेले वरचे मजले आणि त्यांची चढी भाडी, गच्चीवरच्या टाक्यांना लावलेली कुलपं, हे सगळं मला दिसलं. भरतीच्या वेळा पाहून जिना वापरायचा, हा तपशील तर फारच खरा. पण शेवट वाचून मी कागद खाली ठेवले. तुझी नायिका सातव्या मजल्यावर उभी राहून शिडी वर ओढून घेते, सहाव्या मजल्यावरची माणसं पाण्यात राहतात आणि कथा संपते. जणू पाणी वाढलं की माणूस असाच वागणार, त्यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

मी पाणी वाढलेलं पाहिलं आहे, बयो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली तेव्हा आम्ही दोघं याच घरात होतो. उजाडायच्या आधी पायरीशी असलेलं पाणी बघता बघता खिडकीच्या गजांना लागलं. आमच्या घराला वरचा मजला नाही. शेजाऱ्यांशी गडग्यावरून अकरा वर्षं वाद चाललेला, बोलणं बंद, कागद कोर्टात. त्या सकाळी त्यांच्या थोरल्या मुलाने पोफळीला लावायची लांब शिडी त्यांच्या गच्चीच्या कठड्यावरून आमच्या कौलांवर टाकली, काथ्याने आवळून बांधली आणि तुझ्या काकांना आणि मला एकेक पायरी सरकवत पलीकडे नेलं. दोन दिवस आम्ही त्या गच्चीवर होतो. एकोणीस माणसं. त्यांतली निम्मी मी कधी त्यांच्या उंबऱ्याच्या आत पाहिली नव्हती. एकाच टोपात भात शिजायचा. वाढणारी बाई आधी पोरांना, मग म्हाताऱ्यांना आणि सगळ्यांत शेवटी स्वतःला वाढून घ्यायची. तसं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

माणसं मुळात चांगली असतात, हे तुला पटवण्यासाठी मी हे लिहीत नाही. पुढचं ऐक. पाणी ओसरलं तेव्हा घराघरांत हातभर गाळ होता. पहिले दोन दिवस सगळेच फावडी आणि घमेली घेऊन उतरले. मग बाहेरगावाहून आणलेले सफाई कामगार आले. गटारं उपसणं, मेलेली जनावरं उचलणं त्यांच्याकडे गेलं आणि आम्ही हळूहळू ओट्यांवर चढलो. कुणी त्यांना घरातल्या पेल्यातून पाणी दिलं, कुणी बाटली लांबून ठेवली. दिवाळीपर्यंत गडग्याच्या दाव्याची पुढची तारीख आली. शिडी त्यांच्या पडवीत पुन्हा आडवी टांगलेली आहे. मी लिहायला बसते तिथून दिसते.

माझी हरकत इथे आहे. तुझ्या नायिकेसारखी माणसं नसतात असं नाही. पण दोन दिवस जे आपसूक जमलं, ते पुढे का मोडलं? ते टिकून राहावं, असं गाव कशाने झालं असतं? हा प्रश्न विचारायला विज्ञानकथेइतकी मोकळी जागा दुसरी नाही. सामाजिक कादंबरी लिहिणाऱ्याला आहे ते गाव लिहावं लागतं. नसलेलं गाव वसवायची, त्याचे कायदे, त्याचे नळ, त्याच्या पाणंदी ठरवायची मुभा तुला आहे. ती हातात असताना तू फक्त बुडणं लिहिलंस, याचं मला वाईट वाटलं.

विनाश लिहिणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. येवगेनी झाम्यातिन हा जहाजबांधणीतला इंजिनिअर, तरुणपणी बोल्शेविकांबरोबर राहून तुरुंग भोगलेला. क्रांतीनंतर तीन-चार वर्षांतच त्याने ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातल्या माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या. ती त्याच्या स्वतःच्या देशात छापून यायला १९८८ उजाडलं. मोतीहारीत जन्मलेल्या ऑर्वेलने ती वाचली होती. त्याची ‘१९८४’ आली १९४९ साली. आपल्याकडे नंदा खरे यांची ‘उद्या’ आहे, माणसावर सतत रोखलेल्या नजरेची गोष्ट. ही माणसं रागाने लिहीत होती, आणि तो राग यायला आधी काहीतरी जीव तोडून हवं असावं लागतं. झाम्यातिनला क्रांती हवी होती, म्हणून तिचं काय झालं ते त्याला सोसवेना. तुझी कथा वाचताना मी शोधत राहिले: हिला काय हवं होतं? कुठली मुंबई बुडाली म्हणून ही रडते आहे? तेरा पानांत मला ती सापडली नाही.

म्हणून सोबत एक लहानसं पुस्तक पाठवते आहे. तू नाव ऐकलं असशील, वाचलं नसावंस. रुकैया सखावत हुसेन या बाईंची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजीत लिहिलेली गोष्ट. १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये ती छापून आली.

रुकैया रंगपूरजवळच्या पायराबंद गावच्या जमीनदाराची मुलगी, पडद्यात वाढलेली. वडिलांना मुलींनी बंगाली-इंग्रजी शिकणं मान्य नव्हतं. घरातले सगळे झोपले की थोरला भाऊ मेणबत्तीच्या उजेडात तिला शिकवायचा. लग्न होऊन भागलपूरला आली. नवरा डेप्युटी मॅजिस्ट्रेट. तो दौऱ्यावर असताना घरात एकटी वेळ घालवायला म्हणून तिने ही गोष्ट लिहिली. परत आल्यावर त्याने ती उभ्या उभ्याच वाचून काढली आणि हा तर भयंकर सूड आहे, असं तो म्हणाला. ही आठवण तिनेच लिहून ठेवली आहे.

गोष्टीतली सुलताना आरामखुर्चीत डुलकी घेते आणि स्त्रियांच्या राज्यात जागी होते. रस्त्याने बुरख्याशिवाय चालताना ती बुजते, तर येणाऱ्या-जाणाऱ्या बायका हसतात की ही पुरुषांसारखी लाजाळू दिसते. तिथे पुरुष मर्दान्यात बंद आहेत. आता त्या देशाची घडी बघ. राणीने फर्मान काढून मुलींच्या शाळा उघडल्या आणि एकवीस वर्षांआधी लग्नाला बंदी केली. बायकांसाठी दोन विद्यापीठं निघाली. एका विद्यापीठाने फुग्याला नळ्या जोडून ढगांतलं पाणी थेट खाली आणायची युक्ती काढली, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवायची. पुरुष तेव्हा सैन्य वाढवण्यात गुंतले होते आणि या संशोधनाची टिंगल करत होते. पुढे शेजारच्या राजाने स्वारी केली, पुरुष हरले, आणि विद्यार्थिनींनी साठवलेलं ऊन शत्रूवर सोडून युद्ध संपवलं. स्वयंपाकघर भाजीच्या मळ्यात आहे. तिथे कोळसा नाही, धूर नाही, उन्हावर रांधतात. शेतं विजेवर नांगरली जातात. कामाचे तास दोन, कारण चिरूट ओढण्यात जाणारे बाकीचे तास वाचले.

ज्या बाईला दिवसाढवळ्या अक्षर गिरवता आलं नाही, ती विद्यापीठाने युद्ध जिंकणारा देश उभा करते. तिने जादूची कांडी आणलेली नाही, याकडे नीट लक्ष दे. काय आधी झालं, मग काय, त्यातून काय, हा क्रम तिने लावला आहे: आधी शाळा, मग लग्नाचं वय, मग प्रयोगशाळा, मग सत्ता. आणि तो क्रम तिने आयुष्यात पुढे नेला. नवरा वारल्यावर १९०९ मध्ये भागलपूरला त्याच्या नावाने मुलींची शाळा काढली, १९११ मध्ये ती कलकत्त्यात नव्याने सुरू केली आणि १९३२ मध्ये मरेपर्यंत चालवली. स्वप्न १९०५ चं आणि शाळा १९०९ ची, हे मधलं अंतर मला फार मोलाचं वाटतं.

गोष्टीत उणीव आहेच. निम्मी माणसं अजून कोंडलेलीच आहेत, फक्त कोंडणारे बदलले. तिचा नवरा सूड म्हणाला तो त्यामुळेच. पण ती उणीवसुद्धा वाचकाला कामाला लावते. पुरुषांना कोंडलेलं वाचून ज्याला चीड येते, त्याला दुसऱ्या क्षणी आठवतं की हे आपल्याच घरात चाललं आहे, आणि आपल्याला कधी विचित्र वाटलं नव्हतं. आहे ती रीत कुणीतरी घातलेली आहे, म्हणून ती वेगळी घालता येईल, हे कळणं म्हणजे राजकीय कल्पनाशक्ती. ते व्याख्यानाने कळत नाही. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, म्हणून अनुभवाने सांगते.

आता तुला वापरता येईल असं काही.

तू जे जग उभं करशील, त्यात गाळ कोण उपसतं ते मला आधी सांग. हे मी चिपळूणच्या त्या आठवड्यापासून प्रत्येक आदर्श समाजाला विचारते आणि फार थोडे त्यात उतरतात. थॉमस मोरने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ लिहिली. त्याने ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ ‘कुठेच नसलेली जागा’, आणि उच्चार ‘चांगली जागा’ या शब्दाच्या इतका जवळ की दोन्ही अर्थ कानात राहतात. पुस्तकाच्या पहिल्या भागात त्याच्या इंग्लंडचं दुखणं आहे: लोकरीसाठी मेंढ्या पाळायच्या म्हणून जमीनदारांनी कुंपणं घातली, कुळं उठवली, आणि उठवलेल्यांनी पोटासाठी चोरी केली तर त्यांना फाशी. त्यावर उत्तर म्हणून दुसऱ्या भागात बेट येतं. तिथे खाजगी मालमत्ता नाही, सहा तास काम, सोन्याची भांडी रात्रीच्या विधीसाठी, म्हणजे सोन्याचा लोभच उरू नये. पण त्याच सोन्याच्या बेड्या गुलामांच्या पायांत आहेत, आणि जनावरं कापायचं काम त्या गुलामांचं. पाचशे वर्षांपूर्वी मालमत्ता रद्द करू शकलेला माणूस खाटकाच्या कामाशी येऊन थांबला. चांगल्या चांगल्यांची नजर जिथे अडते ती जागा मला हीच दिसते.

अमेरिकेच्या एडवर्ड बेलामीने १८८८ मध्ये आपल्या कादंबरीतून उत्तर दिलं की काम जितकं नकोसं, तितके त्याचे तास कमी करा, म्हणजे माणसं आपणहून येतील. त्याचा नायक १८८७ मध्ये झोपतो आणि २००० साली बोस्टनमध्ये उठतो. त्या पुस्तकाने लोक इतके भारावले की त्याचे विचार अमलात आणायला गावोगावी मंडळं निघाली. विल्यम मॉरिसला मात्र बेलामीने कामकऱ्यांची जी औद्योगिक फौज उभी केली होती, ती सोसेना. त्याने १८९० मध्ये ‘न्यूज फ्रॉम नोव्हेअर’ लिहून हातकामातल्या आनंदावर समाज उभा केला. त्यात लंडनच्या पार्लमेंटच्या इमारतीत खत साठवतात.

माझं मन मात्र उर्सुला ले ग्विनच्या उत्तरावर बसलं. तिची ‘द डिसपझेस्ड’ १९७४ ची. अनारेस नावाच्या कोरड्या ग्रहावर सत्ता आणि मालकी नाकारणाऱ्यांची वसाहत आहे, वसून दीडशेहून अधिक वर्षं झालेली. तिथे दर दहाव्या दिवशी प्रत्येकाने गावाचं घाणीचं, कष्टाचं काम करायचं, मग तो भौतिकशास्त्रज्ञ का असेना. त्यांच्या भाषेत मालकी दाखवणारे शब्द वापरायची रीतच नाही. मूल ‘माझी आई’ म्हणत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दिवसभर घरात ‘माझं’ न म्हणता बोलायचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत मला कळलं की मी किती वस्तूंना कुंपण घातलं आहे.

आणि ही बाई इतकी प्रामाणिक, की तिने आपल्याच आवडत्या ग्रहावर दुष्काळ पाडला. वर्षानुवर्षांचा. उपाशी गावाशेजारी उपाशी उतारूंची गाडी अडकून पडते आणि ज्यांनी वाटून खायची शपथ घेतलेली, ते गाव आपलं धान्य लपवतं. कथेतला शेवेक हा थोर शास्त्रज्ञ. त्याच्याकडे काम येतं कुणाला किती शिधा द्यायचा याच्या याद्या करायचं, म्हणजे कुणी उपाशी राहायचं ते ठरवायचं. तो ते सोडून देतो. सोडताना त्याला ठाऊक असतं की दुसरा कुणी ते करणारच. त्याच्या संस्थेतला एक वरिष्ठ त्याच्या संशोधनाला स्वतःचं नाव जोडतो. तिथे ना पोलीस, ना तुरुंग, ना मालक. तरी हा माणूस मोठा होऊन बसला आहे, कारण काय छापायचं ते त्याच्या हातात आहे, आणि चारचौघांच्या मताची भीती कायद्याहून घट्ट बसली आहे. हे वाचल्यावर मला आपल्या गावातली ‘लोक काय म्हणतील’ची सगळी माणसं आठवली. तरीही कादंबरी मिटताना अनारेस मोडीत निघत नाही. दुसऱ्या ग्रहावर गेलेला शेवेक परत घरी निघतो, कारण ती वसाहत अजून पुरी झालेली नाही असं त्याला वाटतं. वाद घालणाऱ्याला जागा आहे तोवर ती जिवंत आहे.

तेव्हा तुझ्या बुडालेल्या मुंबईतही दुष्काळ असू दे, लोभ असू दे, सातव्या मजल्यावरची ती बाईसुद्धा असू दे. फक्त तिच्यापुढे एखादी रीत ठेव. शिडी वर ओढायला तिला कशाचं तरी उल्लंघन करावं लागू दे. आता तुझ्या कथेत ती काहीच मोडत नाही, कारण तिथे मोडण्यासारखं काही तू बांधलेलंच नाहीस.

मोठमोठं बांधावं लागत नाही. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ तू लहानपणी माझ्याकडेच वाचलीस. पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी कानाजवळून निघून जाते आणि त्या एका तिळभर अंतरातून हिंदुस्थानचा वेगळा इतिहास फुटतो. मराठे जिंकतात, विज्ञानाची केंद्रं उभारतात, पुढे राजेपण नावापुरतं उरून देश लोकशाहीकडे जातो. हे मोठं चित्र सगळ्यांना आठवतं. मला आठवते ती आझाद मैदानावरची खुर्ची. गंगाधरपंत सभेला जातात आणि व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून अस्वस्थ होतात. ते जाऊन बसतात, बोलू लागतात, आणि श्रोते खवळतात. त्या देशातल्या लोकांनी अध्यक्ष, प्रास्ताविक, आभार हे सगळं कधीच सोडून दिलं आहे. आमच्या पंतांना मात्र खुर्ची रिकामी बघवत नाही. टोमॅटो आणि अंडी खावी लागली तरी ते उठत नाहीत. अख्ख्या राज्यव्यवस्थेतला फरक नारळीकरांनी एका खुर्चीत दाखवला. तुझ्या इमारतीतली ती खुर्ची कोणती? गच्चीच्या किल्ल्यांचा जुडगा? टाकीचं कुलूप? एकदा सापडली की बाकीचं जग तिच्याभोवती आपोआप उभं राहील.

ही कल्पना करायची सवय आपल्याकडे विज्ञानकथेच्या बाहेरही आहे, आणि तिच्याशी तू नातं सांगावंस अशी माझी इच्छा आहे. जोतीराव फुल्यांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला, उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरं केलं. ते छापून आलं १८९१ मध्ये, त्यांच्या मागे. त्यात एक घर आहे. आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. प्रत्येकाने आपापला ग्रंथ वाचून आपला धर्म निवडलेला, आणि सगळी एका छपराखाली मायेने राहतात. एकशेतीस वर्षांहून जास्त झाली, असं घर मला अजून पाहायला मिळालेलं नाही. त्यात यंत्र नाही, अवकाशयान नाही, तरी ते मला आजच्या कितीतरी भविष्यकथांपेक्षा पुढचं वाटतं. आणि बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ लिहिलं ते तर कलमांच्या रूपातच: शेतजमीन राज्याची, ती गावाने मिळून कसायची, जातपात न बघता, म्हणजे जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. ती कलमं देशाच्या घटनेत आली नाहीत. पण ती वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या खोतीच्या गावचं वेगळं रूप उभं राहतं: कुणाचं शेत कुठे संपतं हे विचारायची गरज नसलेलं.

यावरून तुला एक काम सांगते. कथेचा पुढचा खर्डा लिहायच्या आधी त्या इमारतीचे उपविधी लिही. तू मुंबईत गृहनिर्माण सोसायटीत राहिलेली मुलगी. सर्वसाधारण सभा, देखभालीचा खर्च, लिफ्टवरून होणारी भांडणं, हे सगळं तुला ठाऊक आहे. २०९० साली त्या अर्ध्या बुडालेल्या इमारतीचे सभासद कोण? खालच्या मजल्यावरून वर यावं लागलेल्याला मत आहे का? पाणी माणशी मोजतात की घरटी? आजाऱ्याचं काय? टाकी साफ करायची पाळी कुणाची, आणि ती चुकवली तर काय होतं? पाळी चुकवणाऱ्याला बाहेर काढता येतं का, आणि काढलं तर तो जाणार कुठे? दहा-बारा कलमं लिहून काढ. त्यांतलं एकही कथेत जसंच्या तसं येऊ देऊ नकोस. पण ती लिहिताना तुझा हात जिथे थबकेल, जिथे तुला न्याय्य वाटणारी दोन कलमं एकमेकांवर आपटतील, तिथे तुझी कथा आहे. माझा अंदाज विचारशील तर ती आजाऱ्याच्या कलमावर थबकेल.

हे करताना तुला भाबडं म्हणतील. संपादकही कदाचित म्हणतील की शेवट पुरेसा काळा नाही. ऐकून घे. किम स्टॅन्ली रॉबिन्सनची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ २०२० मध्ये आली, ती आपल्या उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेने सुरू होते. माणसं जीव वाचवायला तळ्यात उतरतात आणि तळ्याचं पाणीच तापलेलं असतं. त्याहून काळी सुरुवात मी वाचलेली नाही. आणि पुढची शेकडो पानं बैठका, चलन, बँका, शेती, हिमनद्यांखालचं पाणी उपसणं, असं एकेक करत माणसं त्यातून वाट काढतात. चुकतात, एकमेकांच्या जिवावर उठतात, पुन्हा बसतात. त्यातलं सगळं मला पटलं नाही, विशेषतः हिंसेला दिलेली मोकळीक. पण लेखकाने भीतीपाशी पेन खाली ठेवलं नाही, हे मला आवडलं.

अलेक्झांडर बोग्दानोव्हची ‘लाल तारा’ही मिळाली तर वाच, १९०८ ची आहे. मंगळावरच्या समाजात कुठल्या कारखान्यात किती माणसं कमी आहेत, किती जास्त, याचे आकडे फलकांवर सतत झळकतात आणि ते बघून माणसं आपणहून कामं निवडतात. पण त्याच मंगळावर साधनसंपत्ती संपत आल्यावर पृथ्वीवरची माणसं मारून टाकावीत का, यावर शांतपणे चर्चा होते. आपलं गाव सुंदर करताना गावाबाहेरच्यांचं काय करायचं, हा प्रश्न त्याने टाळला नाही. तुझ्या सात मजल्यांनाही शेजारची इमारत आहे.

एवढं लिहून झाल्यावर मुख्य गोष्ट विचारते. पान नऊवर तू लिहिलंस की शिडी बांबूची होती, गाठी नायलॉनच्या दोरीच्या, आणि एक पायरी नवी घातलेली. मी तिथे पेन्सिलीने खूण केली आहे. बुडालेल्या शहरात बांबू आणायला कुणीतरी होडी घेऊन लांब गेलं असेल. कुणीतरी मोडलेली पायरी पाहिली असेल आणि बदलली असेल, स्वतःला चढायचं नसतानाही. तुझ्या संपूर्ण कथेत हा एकच माणूस आहे ज्याने दुसऱ्यासाठी काहीतरी केलं, आणि तो पानावर कुठेच दिसत नाही. ती पायरी कुणी बदलली? ती पाळी होती की उपकार होता? तो सहाव्या मजल्यावरचा होता का?

ते मला कळव, मग शेवटाबद्दल बोलू. पावसाने जोर धरला आहे, नदी अजून पात्रात आहे. काकांचा गुडघा बरा आहे. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी